पर्सनल एसे आणि पर्सनल स्टेटमेंट: नर्सिंगच्या अर्जात एकाच्या जागी दुसरं चालत नाही

नर्सिंगसाठी बाहेरच्या देशात अर्ज करणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींकडे बहुतेक वेळा एकच फाइल असते. कुणी तिला एसे म्हणतं, कुणी एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज), आणि तीच अमेरिकेला जाते, ब्रिटनलाही जाते. असं होणं साहजिक आहे, कारण आपल्याकडे हे लिहायची वेळच येत नाही. बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतो. १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच दिंडोरी रोडवर आहे, पण नर्स का व्हायचंय हे त्या वाटेवर कुणी लिहून मागत नाही.

त्यात लांबीही फसवते. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांसाठी एकच अर्ज भरायची सोय असलेल्या कॉमन अ‍ॅपचा एसे जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या यूकॅस या संस्थेला लागणारं स्टेटमेंट ४,००० अक्षरांचं, मधल्या मोकळ्या जागा धरून. इंग्रजीत त्याचेही साधारण सहाशे-साडेसहाशे शब्द होतात. मग हे तिकडे चिकटवायचा मोह होतोच.

एसेला तुम्ही माणूस म्हणून कसे आहात ते हवं असतं. त्यात नर्सिंगचा उल्लेख आला नाही तरी बिघडत नाही. ‘नर्सिंगच का?’ हे अनेक विद्यापीठं वेगळ्या प्रश्नात विचारतात. स्टेटमेंटचा रोख मात्र अभ्यासक्रमावर असतो. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसने त्याचे तीन प्रश्नच करून टाकले आहेत: हा विषय का निवडला, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व ते का उपयोगी आहे. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं.

एकच आठवण दोन्हीकडे वापरता येते, पण मांडणी बदलावी लागते. समजा, दिंडोरी तालुक्यातल्या एका मुलीची आई आशाताई आहे आणि मुलगी सुट्टीत तिच्याबरोबर बाळंतिणींच्या घरी जाते. एसेत ती असं लिहू शकेल: ‘बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून आई वजन बघायची आणि आकडा आधी बाळाच्या आजीला सांगायची. मला राग यायचा. बाळ जिचं, तिला आधी का नाही सांगायचं? पुढे लक्षात आलं, सुनेने काय खायचं आणि बाळाला दवाखान्यात कधी न्यायचं, हे त्या घरात आजीच ठरवते. आईला बाळ वाचवायचं होतं. मला अजूनही वाटतं की सुनेला आधी सांगायला हवं, पण आता मी घरात शिरताच भांडायला उठत नाही.’

इथे वैद्यकीय माहिती जवळजवळ नाही. मुलगी कुठे अडली, तिचं मत किती बदललं आणि किती नाही, एवढंच दिसतं. एसेला तेवढं पुरतं.

स्टेटमेंटमध्ये हाच उतारा अर्धवट वाटेल. तिथे तिने लिहावं: ‘प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशा ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते. आई सांगेल तो वजनाचा आकडा मी वहीत टिपायचे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून उबेत का ठेवायचं, हे मी तिथे विचारून घेतलं. बारावीला जीवशास्त्रात चिकाच्या दुधाबद्दल शिकताना तीच घरं डोळ्यांसमोर आली, आणि ते दूध पिळून टाकणाऱ्या बायकांना काय सांगायचं, याचा विचार करू लागले.’ यातलं शेवटचं वाक्य दुसऱ्या प्रश्नाकडे जाईल, बाकीचं तिसऱ्याकडे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून बाकी आहे. ब्रिटनमध्ये प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि अध्ययन अक्षमता अशा शाखांमधून आधीच निवड करावी लागते. पाच पर्यायांपर्यंत अर्ज करता येतो आणि सगळ्यांना एकच स्टेटमेंट जातं. त्यामुळे दोन जागी बाल आणि तीन जागी मानसिक आरोग्य भरलं, तर ‘हाच विषय का’ याचं उत्तर लंगडं पडणार. आधी शाखा पक्की करा, मग लिहायला बसा.

माझ्या मते आपली मुलं सगळ्यात जास्त कमी पडतात ती तिसऱ्या प्रश्नात. एनएसएस, रक्तदान शिबिर, प्रमाणपत्र असं सगळं येतं, पण रोज सकाळी आजीला इन्सुलिन कोण देतं, ते येत नाही. घरातलं काम आहे, त्यात काय सांगायचं, असं त्यांना वाटतं. यूकॅस मात्र घरच्या जबाबदाऱ्याही इथे धरतं. टोचायची जागा रोज का बदलायची, जेवण लांबलं की आजीला घाम फुटून थरथर सुटते तेव्हा आधी साखर द्यायची, हे सतराव्या वर्षी ज्याला माहीत आहे त्याने ते जरूर लिहावं. शिबिराच्या चार ओळी त्यासाठी खुशाल काढाव्यात.

सुरुवातही जपून करा. शाळेच्या निबंधाची सवय आपल्याला सुविचाराकडे नेते, आणि ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ने उघडणारा अर्ज वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. नेटवरचा तयार प्रसंग उचलणं तर त्याहून वाईट. २००७ मध्ये यूकॅसने अर्ज तपासले तेव्हा लहानपणी रसायनांचा खेळ करताना पायजमा जळाल्याची एकच गोष्ट २३४ जणांनी लिहिलेली सापडली. आता प्रत्येक स्टेटमेंट जुन्या अर्जांशी ताडून पाहिलं जातं.

एक पथ्य दोन्हीकडे सारखंच: बाळाचं नाव, पाड्याचं नाव, घर ओळखू येईल असा तपशील लिहू नका. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे ब्रिटनमधल्या नर्सेसच्या आचारसंहितेतलं स्पष्ट कर्तव्य आहे, आणि अर्ज वाचणाऱ्यांमध्ये नर्सिंगचे प्राध्यापक असतात. ‘दिंडोरी तालुक्यातलं एक घर’ एवढ्यावर काम भागतं.