किनारा कुणाचा? आधी उधाणाची रेषा बघा

नाशिकच्या प्रॉपर्टी प्रदर्शनांत आणि मोबाइलवर कोकणातल्या प्लॉटच्या जाहिराती येतात. ‘सी टच, प्रायव्हेट बीच’ असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावर नाव लागलं की पाण्यापर्यंतची वाळू आपली, असा घेणाऱ्याचा समज होतो. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधल्या कलम 20 नुसार भरतीच्या उच्चतम रेषेखालचा समुद्राचा, बंदराचा आणि खाडीचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा आहे. कुणाचा जुना हक्क कायद्याने सिद्ध होत असेल, तर तेवढाच अपवाद. नदीपात्रालाही हेच कलम लागू होतं. रेषेच्या वरची कोरडी वाळू खासगी सर्वे नंबरात असू शकते, पण ओल्या वाळूवर कुणी तारेचं कुंपण घातलं तर ते अतिक्रमणच.

मग ही रेषा नेमकी कुठे? नाशिककरांना गोदावरीच्या पूररेषा माहीत आहेत: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्या पावसावर ठरतात, समुद्राची रेषा चंद्र-सूर्यावर ठरते. वर्षाच्या कोणत्याही ऋतूत साधारण उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं ती ही रेषा, अशी व्याख्या संहितेतच दिलेली आहे.

यातला ‘साधारण उधाण’ हा शब्दप्रयोग फार महत्त्वाचा आहे. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे शाळेत झालेलं असतं. पण सूर्यही पाणी ओढतो, त्याचा जोर चंद्राच्या साधारण 46 टक्के. चंद्रामुळे येणारी भरती दर 12 तास 25 मिनिटांनी येते, सूर्यामुळे येणारी दर 12 तासांनी. प्रत्येक फेरीत 25 मिनिटांचा फरक साचत जातो आणि 14.77 दिवसांनी दोन्ही पुन्हा एकाच वेळी येतात. त्या जुळल्या की उधाण, एकमेकींविरुद्ध गेल्या की भांग. म्हणून अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग. समुद्राचं पाणी लगेच प्रतिसाद देत नाही, त्यामुळे सर्वांत मोठी भरती बहुधा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येते. त्यात चंद्र दर 27.55 दिवसांनी पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो आणि त्याच्या कक्षेचा कल 18.6 वर्षांच्या चक्रात बदलतो. या सगळ्या आवर्तनांची बेरीज करूनच भरतीची कोष्टकं बनतात. एका दिवशी पाणी कुठवर आलं ते पाहून ही रेषा आखता येत नाही ती यामुळेच.

उंचीतला थोडा फरक वाळूवर किती पसरतो ते बघा. मुंबईत उधाणाची सरासरी भरती साधारण 4.4 मीटर, भांगाची 3.3 मीटर. म्हणजे फरक 1.1 मीटर. किनाऱ्याचा उतार चाळीसास एक असेल, तर पाण्याची कड 44 मीटर पुढे-मागे होते. चार गुंठ्यांचा प्लॉट त्यात सहज बसतो. रत्नागिरीकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा कमी असला, तरी हिशेब तोच.

‘शरीरात 70 टक्के पाणी, म्हणून अमावास्येला माणसालाही भरती येते’ असं अजून सर्रास सांगितलं जातं. भरती येते ती पाण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चंद्राच्या ओढीत पडणाऱ्या फरकामुळे, आणि त्यासाठी पाणी अफाट पसरलेलं असावं लागतं. गंगापूर धरणाच्या जलाशयात हा परिणाम किलोमीटरमागे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही भरत नाही. पाच-सहा फुटांच्या शरीराचा तर प्रश्नच नाही.

समुद्राच्या बाजूचा हिशेब वेगळा, तो ओहोटीच्या रेषेपासून सुरू होतो. तिथून किंवा सरकारने आखलेल्या सरळ आधाररेषेपासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, प्रादेशिक समुद्र. त्याखालची जमीन आणि खनिजं संविधानाच्या अनुच्छेद 297 नुसार केंद्राकडे, पण तिथल्या मासेमारीचं नियमन राज्याकडे. पुढे 200 सागरी मैलांपर्यंत मासे, तेल, वायू काढण्याचे हक्क भारताचे, पण परक्या जहाजांना ये-जा करण्यापासून अडवता येत नाही.

जागा घेताना मालकीच्या रेषेबरोबर सीआरझेडही, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला किनारपट्टी नियमन पट्टाही, तपासावा लागतो. 2019 च्या अधिसूचनेनुसार समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे 500 मीटरचा पट्टा त्यात येतो. खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. ग्रामीण किनाऱ्यावर 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला 2161 च्या वर असेल, तर पहिले 50 मीटर विकास निषिद्ध. त्याहून कमी असेल तर 200 मीटर. एनए (बिनशेती) आदेश दाखवून विकणाऱ्याला सीआरझेडची परवानगी वेगळी मागा, कारण एनए म्हणजे ती परवानगी नव्हे. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला सर्वे नंबर शोधा. भरतीरेषा आणि मोजणीची हद्द एकाच नकाशावर बसवून अधिकृत संस्थेकडून घ्या. मोबाइलवरच्या उपग्रह छायाचित्रावर विसंबू नका. ते ओहोटीच्या वेळी टिपलेलं असेल, तर किनारा प्रत्यक्षाहून मोठा दिसतो.

जागा बघायला जायची तारीख पंचांग बघून ठरवा. द्वितीया-तृतीयेला जा, अष्टमी-नवमीला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते: द्वितीयेला दीडच्या सुमारास. त्या वेळी वाळूत उभे राहा आणि मर्यादवेल कुठून सुरू होते ते बघा. ही वेल खाऱ्या वाऱ्यात टिकते, पण रोज पाणी येतं तिथे तग धरत नाही. तिच्या खाली प्लॉटचा दगड रोवलेला दिसला, तर मोजणी पुन्हा करून घ्या. वाहून आलेल्या काटक्यांची रांग मात्र पुरावा धरू नका. पावसाळ्यातल्या लाटा ती भरतीरेषेच्याही वर नेऊन टाकतात.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुन्या मोजणीचं असतं. मधल्या काळात किनारा खचून हद्द आत सरकली असेल, तर 20 गुंठ्यांपैकी 6 गुंठे आज भरतीरेषेखाली असू शकतात. दर ठरवताना ताज्या मोजणीचं क्षेत्र धरा, उताऱ्यावरचं नाही.