अमेरिकेतील फ्युनरल होम आणि सरकारी हमीची कर्जे : पार्श्वभूमी

आपल्याकडे स्मशानभूमीची व्यवस्था नगरपालिका किंवा ग्रामपंचायत पाहते; अमेरिकेत मात्र मृतदेह ताब्यात घेण्यापासून दफन वा दहनापर्यंतची बहुतेक कामे 'फ्युनरल होम' ही खासगी पेढी करते. यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिकांचे मृतदेह दूरच्या गावी पाठवण्यासाठी ते रसायनांनी टिकवण्याची पद्धत रुळली आणि पुढे शवपेट्या बनवणारे अनेक सुतार पूर्णवेळ याच धंद्यात उतरले.

या धंद्याला भांडवल मिळणे सोपे नव्हते, कृष्णवर्णीयांना तर फारच अवघड होते. अलाबामातील ए. जी. गॅस्टन यांनी १९२३ मध्ये लोकांच्या छोट्या वर्गणीवर अंत्यविधीच्या खर्चाचा विमा सुरू केला, त्याच्या जोडीला फ्युनरल होम उभारले आणि १९५७ मध्ये बचत-कर्ज संस्थाही काढली.

३० जुलै १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत 'स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन' ही लहान उद्योगांना मदत करणारी सरकारी संस्था स्थापन झाली. '७(ए)' या तिच्या मुख्य योजनेत कर्ज बँक देते आणि ते बुडाल्यास ठरलेला वाटा सरकार सोसते. दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, त्यापुढे ७५ टक्के हमी, असे तिचे रूढ प्रमाण आहे. ती नफ्यासाठी चालणाऱ्या उद्योगांपुरती असल्याने चर्चच्या आणि नगरपालिकांच्या दफनभूमी तिच्याबाहेर राहतात.

या धंद्यात हमीची खरी गरज पडते ती मालकी बदलताना. समजा, वृद्ध मालकाची पेढी तिथलाच व्यवस्थापक दहा लाख डॉलरला घेऊ पाहतो. इमारत आणि शववाहिन्या मिळून सहा लाखांच्या. उरलेले चार लाख गावाने पिढ्यानपिढ्या टाकलेल्या विश्वासाचे, आणि तो विश्वास तारण म्हणून ठेवता येत नाही. खरेदीदाराने लाखभर घातले, तर नऊ लाखांच्या कर्जापैकी पावणेसात लाखांचा भार हमीमुळे सरकारवर जातो, म्हणून बँक तयार होते.

अशी सोय नसलेल्या मालकांपुढे मोठ्या साखळी कंपन्या पैसे घेऊन उभ्या होत्या. ह्यूस्टनची 'सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल' (१९६२) आणि कॅनडाची 'लोवेन ग्रुप' यांनी गावोगावची कौटुंबिक फ्युनरल होम विकत घेतली, बहुधा जुनी पाटी तशीच ठेवून. कर्जाच्या ओझ्याखाली लोवेन १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढे साखळ्यांनी अनेक शाखा विकायला काढल्या. त्या स्थानिक माणसांना घेता येणे मला फार मोलाचे वाटते, कारण दुःखाच्या वेळी ओळखीचा माणूस समोर असणे ही कुटुंबाची खरी गरज असते. २०१० च्या कायद्याने '७(ए)' कर्जाची कमाल मर्यादा २० लाखांवरून ५० लाख डॉलरवर नेली, त्यामुळे जमीन-इमारतीसह होणारे मोठे व्यवहारही तिच्या आवाक्यात आले.

दरम्यान धंद्याचे गणितच बदलले. १९६० मध्ये चार टक्क्यांहूनही कमी असलेले दहनाचे प्रमाण २०१५ च्या सुमारास दफनाच्या पुढे गेले. दहनात शवपेटी आणि दर्शनविधीचे उत्पन्न सहसा घटते, त्यामुळे जुन्या ताळेबंदावर ठरवलेली किंमत नव्या मालकाला हप्ते फेडताना जड जाऊ शकते.