जुन्या बोटीत नवा जीपीएस बसवण्याआधी

१ जूनला पावसाळी बंदी लागली की कोकणच्या बंदरांत बोटी वर ओढल्या जातात. इंजिनं उघडतात, रंगकाम निघतं, आणि हातात चार पैसे असले तर केबिनमधला जुना जीपीएस बदलायचा विषयही निघतो. दुकानात मोठा रंगीत स्क्रीन दिसतो. त्यात नकाशा, मासळी शोधक, एआयएस (आसपासच्या बोटी रेडिओवरून ओळखून स्क्रीनवर दाखवणारी सोय) सगळं एकत्र असतं. पण पंधरा-वीस वर्षांच्या बोटीत असा संच बसवायचा तर पहिला खर्च वायरवर करावा, स्क्रीनवर नंतर. हे मी आग्रहाने सांगतो, कारण समुद्रात 'बिघडलेल्या' संचांपैकी कितीतरी संच मुळात चांगलेच असतात. त्यांच्यापर्यंत वीजच धड पोहोचत नाही.

हिशोब करून बघू. बॅटरी इंजिनाजवळ आणि केबिन आठ मीटर दूर. वीज जाऊन परत यायला हवी, म्हणजे वायर सोळा मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०११५ ओहम, सोळा मीटरला ०.१८ ओहमच्या जरा वर. २५ वॅटचा व्हीएचएफ संच, म्हणजे बोटीवरचा बोलायचा रेडिओ, बोलायचं बटण दाबल्यावर पाच-सहा अँपिअर ओढतो. म्हणजे एक व्होल्ट वाटेतच गेला. त्यात फ्यूजच्या खाचेत हिरवा गंज चढलेला असेल आणि त्याचा रोध जेमतेम ०.१ ओहम असेल, तरी आणखी अर्धा व्होल्ट गेला. बॅटरीवर १२.२ आणि संचावर १०.७! एवढ्या कमी व्होल्टेजवर कित्येक संच पूर्ण ताकदीने बोलत नाहीत. ऐकू सगळं येतं, कारण ऐकायला फारशी वीज लागत नाही. त्यामुळे आपला संच ठीक आहे असंच तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) वाटत राहतं. त्याच वाटेवर सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर ही घट पाव व्होल्टवर येते.

म्हणून मल्टिमीटर बॅटरीला लावून भागत नाही. तो संचाच्या मागच्या टोकाला लावायचा आणि बोलायचं बटण दाबून ठेवून वाचायचा. बटण दाबताच आकडा दीड व्होल्टने घसरला तर नवा संचही तसाच वागणार.

खारट हवेत साध्या तांब्याच्या तारा आतून काळ्या पडतात, आवरण वरून चकचकीत असलं तरी. कथिलाचा मुलामा दिलेली तार महाग पडते, पण बोटीत तीच घालावी. जोड पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय तर सोडायलाच हवी. दाबून बसवलेलं टोक आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी, एवढं केलं की जोडात पाणी शिरत नाही. चोवीस व्होल्टच्या बोटीत आणखी एक खोड दिसते. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्टचा संच चालवतात. मग ती बॅटरी कायम अर्धी उपाशी आणि दुसरी जास्त भरलेली राहते, आणि दोन्ही लवकर मरतात. तिथे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टरच लावावा. शक्य असेल तर इलेक्ट्रॉनिक्सला वेगळी बॅटरी द्यावी, कारण स्टार्टर काही शे अँपिअर ओढतो त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि जीपीएस बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

आता होकायंत्र. नवा स्क्रीन आला म्हणून ते काढू नये. पण नव्या वायरी त्याच्याजवळून कशा जातात हे बघायलाच हवं. एका वायरीतून पाच अँपिअर वाहत असले तर दहा सेंटिमीटरवर तिचं चुंबकीय क्षेत्र १० मायक्रोटेस्ला भरतं. कोकणात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. वायर सुईला समांतर, तिच्या खालून गेली असेल तर सुई जवळपास पंधरा अंश वळू शकते. वायर दिव्याची असेल तर तेही फक्त दिवा लावल्यावर. म्हणजे दिवसा होकायंत्र बरोबर, रात्री चूक. पंधरा अंशांच्या चुकीने दहा सागरी मैल गेलं की बोट अडीच मैलांहून जास्त बाजूला पडते. उपाय फुकटचा आहे. धन आणि ऋण वायर एकमेकींत पिळून न्यायच्या. दोन्हींतला प्रवाह उलट दिशांना असल्याने त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, म्हणून व्हीएचएफ किंवा वेगळा स्पीकर होकायंत्रापासून किती लांब हवा ते अंतर संचाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. आपल्या किनाऱ्यावर खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. तेव्हा इथे होकायंत्र चुकलं तर दोष बहुधा बोटीतच शोधावा.

एलईडी दिव्यांचा त्रास वेगळा. दिव्यातला वीज बदलणारा स्वस्त सर्किटचा तुकडा रेडिओ लहरी सांडत असतो, आणि त्या नेमक्या व्हीएचएफ आणि एआयएसच्या पट्ट्यात पडू शकतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणी दोन मिनिटांची आहे. दिवे बंद ठेवून व्हीएचएफ एखाद्या शांत चॅनेलवर लावायचा आणि स्क्वेल्चची खुंटी खरखर जेमतेम थांबेपर्यंत फिरवायची. मग एकेक दिवा लावायचा. ज्या दिव्यासरशी खरखर परत येते, तो दिवा बदलायचा.

संचांनी एकमेकांशी बोलणं हा नूतनीकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग. जुने संच एनएमईए ०१८३ या पद्धतीने बोलतात. एक सांगतो, बाकीचे ऐकतात, वेग सेकंदाला ४,८०० बिट. नव्यांची पद्धत एनएमईए २०००. तिचा पाया मोटारगाड्यांत वापरतात तीच कॅन पद्धत, वेग सेकंदाला अडीच लाख बिट, आणि सगळे संच एकाच मुख्य तारेवर. त्या तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लागतो. वीज बंद करून दोन माहितीतारांमध्ये मल्टिमीटर लावला तर ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध बसवायचा राहिला आहे.

हे सगळं कशासाठी? डीएससी (न बोलता, बटणावर तयार संदेश पाठवायची सोय) असलेल्या व्हीएचएफवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते दाबून धरलं की चॅनेल ७० वरून संकटाचा संदेश जातो. त्यात बोटीचा नऊ आकडी क्रमांक असतो (भारतीय बोटींचा ४१९ ने सुरू होतो) आणि बोट कुठे आहे तेही असतं. पण व्हीएचएफमध्ये स्वतःचा जीपीएस नसेल, तर ठिकाण आपोआप जातं ते जीपीएसची तार व्हीएचएफला जोडलेली असेल तरच. दोन्ही संच शेजारी बसलेत आणि मधली दोन वायरींची जोडणी झालेलीच नाही, हे बघून मला खरोखर राग येतो. पन्नास रुपयांच्या वायरीवर जीव अवलंबून असतो.

अँटेनाचं थोडक्यात. व्हीएचएफ आणि एआयएस दोन्ही जवळजवळ नजरेच्या रेषेत चालतात, म्हणून उंची महत्त्वाची. तीन मीटर उंच अँटेना असलेल्या दोन बोटी साधारण आठ सागरी मैलांपर्यंत एकमेकींना ऐकतील. नऊ मीटरवर नेल्या तर तेरा. दहा मीटर बारीक केबलमध्ये मात्र एक तृतीयांश ताकद वाटेतच जाते. तेव्हा उंची वाढवताना केबलही जाड घ्यायची. आणि ज्या बोटीत एआयएस नाही ती स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून रात्री नजर बाहेरच हवी. किनाऱ्यापासून फार लांब गेल्यावर उपग्रहाशिवाय इलाज नाही. इस्रोने विकसित केलेले, दोन्ही बाजूंनी संदेश पाठवणारे ट्रान्सपाँडर एक लाख बोटींवर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झाला. ते आपल्या बोटीवर बसत असतील तर त्यांनाही वर सांगितलेली स्वच्छ वीज द्या.

मासळी शोधकात खरं काम बुडाचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारा भाग, करतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणून तीस मीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. २०० किलोहर्ट्झचा झोत अरुंद आणि बारकावे दाखवणारा, ५० किलोहर्ट्झचा खोल जाणारा पण पसरट. नवा स्क्रीन कितीही भारी असला तरी जुना ट्रान्सड्यूसर जुन्याच वारंवारितेवर ओरडणार. फायबरच्या एकसंध बुडात तो आतून चिकटवता येतो. लाकडातल्या हवेमुळे आवाज अडतो, तिथे बुडाला भोक पाडावंच लागतं, म्हणून हे काम बोट वर असतानाच उरकावं. आणि एकक तपासा. जुन्या संचावर खोली वावांत वाचायची सवय असेल आणि नवा मीटरमध्ये दाखवत असेल, तर '१०' या आकड्याचा अर्थ अठरा मीटरवरून दहावर येतो.

राहिला जुना जीपीएस. त्याची तारीख बघा. जीपीएस उपग्रह आठवडे मोजतात ते दहा बिटांत, त्यामुळे १,०२४ आठवड्यांनी मोजणी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती तशी आली, आणि त्यानंतर कित्येक जुने संच जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागले. जागा बहुधा बरोबर दाखवतात, पण त्या तारखेवरून काढलेली भरती-ओहोटी चुकीची असते. हा संच बदलावाच लागेल.

पण तो काढण्याआधी त्यातले पॉइंट उतरवून घ्या. जाळं फाडणारे खडक, बुडालेली बोट, सरंगा मिळतो ती जागा, ही तांडेलाने आयुष्यभर जमवलेली माहिती कुठल्याही विकतच्या नकाशात नाही. संचातली छोटी बॅटरी संपली की ही माहिती एका रात्रीत जाऊ शकते. आधी वहीत लिहा, मग नव्यात भरा, आणि भरताना मांडणी सांभाळा. १६ अंश ५९ मिनिटं २४ सेकंद म्हणजे १६ अंश ५९.४० मिनिटं. घाईत ५९.२४ टाकलं तर खडक तीनशे मीटर सरकतो. ५९.४० मिनिटांना दशांश अंश समजून १६.५९४ टाकलं तर चव्वेचाळीस किलोमीटर. जुन्या संचावर नकाशाचा आधार (अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात तो पाया) 'डब्ल्यूजीएस ८४' आहे की 'एव्हरेस्ट' तेही पाहा. तो वेगळा असला तर सगळेच पॉइंट एकाच बाजूला सरकलेले दिसतील. जागा असेल तर एक मोसम दोन्ही संच शेजारी-शेजारी चालू ठेवा. पहिल्या फेरीत दिवसाउजेडी बंदराच्या तोंडाशी, डोळ्यांना दिसणाऱ्या एखाद्या खडकाजवळ सुरक्षित अंतरावर थांबा आणि दोन्ही स्क्रीनवर तो किती लांब आहे ते वाचा. आकडे जुळले नाहीत तर परत वही उघडा.