पट्टा आवळताना वाढणारा आकडा

दंडाभोवतीचा पट्टा फुगायला लागतो. आधी नुसता गच्च बसतो, मग आवळतो, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि आपल्याच दंडात आपली नाडी ठकठक करताना जाणवते. मग हवा सुटते. डॉक्टर आकडा बघतात, काही बोलत नाहीत, आणि पट्टा पुन्हा फुगवायला घेतात. त्या न बोलण्याचे चार-पाच सेकंद ज्याने काढलेत, त्याला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त का येतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

माझं बीपी पहिल्यांदा वाढलेलं निघालं तेव्हा पहिला आकडा १५८/९६ होता आणि दुसरा १६४/१००. बाहेर पडताना डोक्यात एकच प्रश्न घुमत होता: हे माझं खरं बीपी, की माझी भीती? पुढे या विषयावर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा होता. भीतीने वाढलेलं बीपीही खरंच वाढलेलं असतं. पट्ट्याने खोटं काही सांगितलेलं नसतं. विचारायचं ते एवढंच, की उरलेल्या दिवसभरात ते किती असतं.

आपलं हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याचा दाब थोडा निराळा असतो. जिना चढताना वेगळा, जेवल्यावर वेगळा, गाढ झोपेत वेगळा. तपासणीच्या खोलीत त्या लाखांतले दोन-तीन ठोके पकडले जातात, आणि तेही नेमके आपण सर्वांत घाबरलेलो असतानाचे.

घाबरल्यावर आत काय होतं? मेंदूने 'धोका' अशी नोंद केली की सिम्पथेटिक, म्हणजे आपल्याला न विचारता शरीराला धोक्यासाठी सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंतून काही सेकंदांत संदेश सुटतो. हृदय जास्त वेगाने आणि जास्त जोराने आकुंचन पावतं, शरीरातल्या असंख्य बारीक धमन्या आवळल्या जातात. पंपाचा जोर वाढला आणि नळ्या अरुंद झाल्या की आतला दाब चढणारच. पाठोपाठ मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रेनालिन सोडतात. एरवी दाब असा चढला की मानेतल्या धमनीच्या भिंतीतले संवेदक तो ताण ओळखतात आणि हृदयाची गती कमी करायला लावतात. भीतीच्या वेळी मात्र मेंदू या रचनेची पातळीच वर सरकवून ठेवतो, म्हणून नाडी आणि दाब दोन्ही एकदम वर जातात. अशा वेळी 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला कितीही बजावलं तरी आकडा ऐकत नाही. हा हुकूम आपण जाणूनबुजून दिलेलाच नसतो, मग तो मागे कसा घेणार?

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला जवळजवळ पहिल्या दिवसापासून माहीत आहे. इटलीतल्या शिपिओने रिवा-रोची या डॉक्टरांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी यांचं साधं उपकरण मांडलं. रुग्णाच्या मनःस्थितीचा आकड्यावर परिणाम होतो हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. पण तो परिणाम नेमका किती, हे कळायला जवळपास नव्वद वर्षं जावी लागली, कारण त्यात एक मोठी अडचण होती. पट्टा बांधल्याशिवाय बीपी कळत नाही आणि पट्टा बांधला की माणूस घाबरतो.

ही अडचण इटलीतलेच डॉक्टर जुसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४८ जणांच्या धमनीतच बारीक नळी ठेवलेली होती आणि दाब दिवसभर आपोआप नोंदला जात होता. माणूस पडून आहे, नोंद चालू आहे, आणि अशात अनोळखी डॉक्टर आत येतात, पट्टा बांधतात, नेहमीसारखं बीपी मोजतात. इकडे धमनीतली नळी खरं काय ते लिहीतच असते. डॉक्टर आल्यावर पहिल्या चार मिनिटांतच वरचा आकडा सरासरी २७ मिलिमीटरने (बीपी पाऱ्याच्या उंचीत मोजतात, म्हणून मिलिमीटर) आणि खालचा १५ मिलिमीटरने चढला. नाडीही मिनिटाला सुमारे १६ ठोक्यांनी वाढली. ही वाढ जवळपास सगळ्यांमध्येच दिसली, कुणात अगदी थोडी तर कुणात सत्तरच्या पुढे. दहा-पंधरा मिनिटांनी भेट संपत आली तेव्हा दाब बराचसा उतरलेला होता. त्याच गटाने चार वर्षांनी डॉक्टरांच्या जागी नर्सला पाठवून पाहिलं, तेव्हा वाढ साधारण निम्मीच भरली.

मला या प्रयोगातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते 'जवळपास सगळ्यांमध्ये' हे. त्या खुर्चीत बसल्यावर ज्याची छाती धडधडते तो भित्रा किंवा कमकुवत मनाचा नसतो. त्याचं शरीर इतरांच्या शरीरासारखंच वागत असतं.

दवाखान्यात १४०/९० च्या वर आणि इतर वेळी व्यवस्थित, अशा बीपीला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' म्हणतात, पांढऱ्या कोटाचं बीपी. अमेरिकेत थॉमस पिकरिंग यांच्या गटाने १९८८ मध्ये सीमारेषेवर बीपी असलेल्या, पण औषध सुरू नसलेल्या २९२ जणांना दिवसभर नोंद घेणारं यंत्र लावलं. त्यांतल्या साधारण दर पाचांतल्या एकाचं बीपी दवाखान्याबाहेर नॉर्मल निघालं. म्हणजे एका भेटीतल्या आकड्यावर थेट आयुष्यभराची गोळी सुरू केली असती, तर यांतल्या कित्येकांना तिची गरज नव्हती.

इथे मात्र एक गोष्ट ठासून सांगायला हवी. 'मला दवाखान्यात गेल्यावरच वाढतं हो' हे वाक्य आपण फार पटकन बोलतो आणि मग पुढची तपासणी टाळतो. पण घरी बीपी नॉर्मल असतं हे मोजूनच कळतं, वाटून कळत नाही. वाढलेल्या बीपीचं बहुतेक वेळा शरीराला काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो आपल्याला आहे हेच माहीत नसतं. शिवाय पांढऱ्या कोटाचं बीपी असलेल्यांमध्ये पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, त्यामुळे ते निघालं तरी अधूनमधून मोजत राहावं लागतं. आणि उलटा प्रकारही असतो. दवाखान्यात छान १३०, आणि कामाच्या ताणात किंवा रात्री १५० च्या वर. याला लपलेलं बीपी म्हणतात. ते जास्त घातक, कारण त्याला कुणी शोधतच नाही.

मग ज्याला भीती वाटते त्याने काय करायचं? माझं ठाम मत असं, की शांत राहणं ही पेशंटची जबाबदारी नाही. माणूस घाबरणारच, हे धरून मोजण्याची पद्धत ठरवायला हवी. तशी पद्धत आहेही, फक्त घाईत ती पाळली जात नाही. मोजण्याआधी पाच मिनिटं नुसतं बसून राहायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय टाकलेला नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी नाही, सिगारेट नाही, धावपळ नाही. लघवीला जाऊन यायचं, कारण भरलेलं मूत्राशयही आकडा चढवतं. मोजत असताना बोलायचं नाही आणि समोरच्यानेही काही विचारायचं नाही. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. आणि हात टेबलावर, छातीच्या उंचीवर टेकलेला हवा. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण २०२४ च्या एका अमेरिकी अभ्यासात हात मांडीवर ठेवल्यावर वरचा आकडा सुमारे ४ मिलिमीटरने आणि नुसता लोंबकळत ठेवल्यावर साडेसहा मिलिमीटरने जास्त आला. एखाद्याला सीमारेषेच्या पलीकडे ढकलायला एवढंही पुरतं. 'जरा पाच मिनिटं बसू द्याल का?' असं डॉक्टरांना बेलाशक विचारावं. 'मला मोजताना भीती वाटते' हेही सांगावं. ती कबुली त्यांच्या उपयोगाची असते, कारण एका आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्यावरून ठरतं.

घरी मोजणं हा दुसरा आधार. दंडाला बांधायचं, अचूकता तपासलेलं यंत्र घ्यायचं. मनगटावरच्या यंत्रांचा आकडा हाताच्या स्थितीप्रमाणे सहज हलतो. सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, बाकीच्यांची सरासरी काढायची. ती १३५/८५ च्या खाली आली तर ठीक. घरातली मर्यादा दवाखान्यातल्यापेक्षा थोडी कमी धरलेली आहे, कारण माणूस घरी तेवढा निवांत असतो हे तिथे आधीच हिशेबात घेतलं आहे.

पण घरचं यंत्रही भीतीचं साधन होऊ शकतं, आणि हे मी स्वतः भोगलंय. आकडा १४४ आला की परत मोजायचं. १४९. परत. १५३. दहा मिनिटांत पाच वेळा, दंडावर पट्ट्याचे लाल वळ. त्या रात्री मी बीपी मोजत नव्हतो, स्वतःची घाबरगुंडी मोजत होतो. म्हणून ठरलेल्या वेळा सोडून यंत्र कपाटात ठेवावं, आणि आकडा मनासारखा आला नाही तरी आहे तसा वहीत लिहावा. चांगले तेवढे निवडून लिहिलेली वही डॉक्टरांच्या काहीच कामाची नसते.

आता राहिली चिठ्ठीवरची लांबलचक यादी. रक्त, लघवी, ईसीजी, डोळ्यांची तपासणी. ती हातात पडली की पोटात गोळा येतो: एवढ्या तपासण्या म्हणजे डॉक्टरांना काहीतरी मोठी शंका असणार. खरं तर ही यादी बीपी वाढलेल्या जवळपास प्रत्येकाला मिळते. त्यातून दोन गोष्टी बघायच्या असतात. वाढलेल्या दाबाने कुठे खुणा सोडल्यात का, आणि त्यामागे एखादं दडलेलं कारण आहे का. दहांतल्या साधारण नऊ जणांमध्ये असं एकच बोट ठेवण्यासारखं कारण सापडत नाही.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं तो किती नेटाने बाहेर काढतात ते त्यावरून कळतं. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन उतरत असेल तर मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या दाबाने ढिल्या झाल्यात असा अर्थ निघू शकतो, आणि हे क्रिएटिनिन वाढण्याच्या बरंच आधी दिसू शकतं. पोटॅशियम कमी निघालं तर अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक जास्त बनवतायत का ते बघतात. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम बदलतं, म्हणून सुरुवातीचा आकडा हाताशी हवा असतो. साखर आणि कोलेस्टेरॉल बघतात ते पुढच्या एकूण धोक्याचा अंदाज घ्यायला. ईसीजीत हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याच्या खुणा दिसू शकतात. आणि डोळ्याचा पडदा ही तर अजब जागा आहे. कुठेही चिरा न देता शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या जिथे थेट पाहता येतात अशी ती खिडकी.

बीपीला घाबरणाऱ्या माणसासाठी या यादीचं मोल फार मोठं आहे. पट्टा त्या घटकेचा दाब सांगतो आणि घटकेबरोबर तो बदलतो. हृदयाची भिंत मात्र चार मिनिटांत जाड होत नाही. मूत्रपिंडाची गाळणी डॉक्टरांना बघून गळायला लागत नाही. ईसीजी काढताना नाडी जलद येईल, साखर किंचित वर जाईल, पण यांतल्या बहुतेक तपासण्या त्या दिवशीच्या धास्तीला बधत नाहीत. त्या गेल्या कित्येक महिन्यांची हकीकत सांगतात. सगळे रिपोर्ट स्वच्छ आले म्हणून उच्च रक्तदाब नाहीच असं ठरत नाही, तो सुरुवातीच्या टप्प्यात असू शकतो. पण नुकसान अजून झालेलं नाही आणि ते टाळायला हातात वेळ आहे, एवढं तरी कळतं. हे रिपोर्ट उघडायला मी दोन दिवस लावले होते. ते दोन दिवस उगाच काढले असं आज वाटतं.

थांबायचं नाही अशी वेळही असते. आकडा १८०/१२० च्या पुढे आहे आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलताना जीभ अडखळतेय, हातापायातली ताकद गेलीय किंवा दिसायला अंधुक झालंय, तर ताबडतोब इस्पितळ गाठायचं. ही भीतीच असेल, असा विचार तेव्हा करायचा नाही. अशी कुठलीच लक्षणं नसतील तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजायचं, आणि आकडा तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं.

मला शेवटी चोवीस तासांचं यंत्र लावलं, ज्याला बोलताना 'बीपीचं होल्टर' म्हणतात. कमरेला डबी, दंडाला पट्टा. दिवसा दर वीस-तीस मिनिटांनी तो फुगतो, तेवढ्या वेळापुरता हात सैल सोडून स्थिर धरायचा, बाकी नेहमीची कामं करायची. पहिल्या तासात प्रत्येक वेळी मी दचकलो. दुपारपर्यंत कंटाळलो. संध्याकाळी भाजी चिरताना तो फुगला, तेव्हा सुरी खाली ठेवून हात सोडला आणि मग पुन्हा चिरायला घेतलं. रात्री कितीदा फुगला ते मला नीट आठवतही नाही.

रिपोर्टमध्ये आधी बघितला तो नेमका हाच भाग. झोपेत दाब साधारणपणे दिवसाच्या मानाने १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवा, आणि रात्रीची सरासरी १२०/७० च्या खाली. हृदय आणि मेंदूच्या पुढच्या धोक्याचा अंदाज दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा या रात्रीच्या आकड्यांवरून जास्त चांगला येतो. माझ्या कागदावर पहिल्या तासाला १५६ होतं, दुपारी १३८, आणि पहाटे तीन वाजता, मी गाढ झोपेत असताना, ११४.