नदी म्हणायचं की नाला? मुंबईतल्या नदीकाठांची पार्श्वभूमी

मुंबईकर फिरायला निघाला की समुद्राकडेच वळतो. चौपाटी, बँडस्टँड, फार तर मार्वे. चल नदीकाठी बसू असं कोणी म्हणत नाही, आणि नद्या तर चार आहेत, दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठी १८६० ला विहार तलाव झाला, १८७९ ला तुळशी, तलावांभोवतीचं जंगल पाण्यासाठी राखलं गेलं आणि पुढे तेच बोरिवलीचं नॅशनल पार्क. तुळशीच्या बाजूने दहिसर नदी निघते, विहार आणि पवईच्या ओव्हरफ्लोने मिठी. पार्कात जुलैत गेलात तर दहिसर नदीच्या तळातले दगड दिसतात इतकं पाणी स्वच्छ असतं, गेटबाहेर पडून श्रीकृष्ण नगरच्या पुलावर या, तेच पाणी काळं आणि वास वेगळा.

हा फरक कशाने पडला त्याचं अर्धं उत्तर मला एका शब्दात दिसतं, नाला. मिठीला कित्येक वर्षं लोक नालाच म्हणायचे, आजही मेमध्ये गाळ काढतात त्याला नालेसफाईच म्हणतात. हा नुसता बोलीचा प्रश्न नाही हो. नाला म्हटलं की भिंत घालता येते, वळवता येतो, सांडपाणी सोडलं तरी कोणाला खटकत नाही, नाल्याकाठी बाग कोण मागणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी घराघरात शिरली, आणि अर्ध्या शहराला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही नदी आहे.

पण नाव परत मिळालं तरी वागणूक नाल्याचीच राहिली. पात्र रुंद केलं, खोल केलं आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या संरक्षक भिंती उभ्या केल्या. काठावरच्या वस्तीतले लोक म्हणतात भिंत नसती तर पाणी परत घरात आलं असतं, त्यांनी ते भोगलंय, त्यांना खोटं कसं म्हणू. तरी प्रत्येक ठिकाणी भिंतच का, मध्ये कुठेतरी उतार ठेवून झाडं, पायऱ्या का नाहीत, हे कोणी नीट सांगितलेलं नाही.

जमतं हे धारावीजवळच्या निसर्ग उद्यानाने दाखवलंय. मिठीच्या काठी कचऱ्याचं डम्पिंग होतं, १९८३ ला तिथे झाडं लावायला सुरुवात झाली, १९९४ ला उद्यान लोकांसाठी खुलं झालं, ३७ एकर. आत शिरलं की शेजारच्या बीकेसीचा, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सचा ट्रॅफिक विसरायला होतो. उलट पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक काढायला घेतला, तर २०२२ ला हायकोर्टाने बेकायदा ठरवून काढायला लावला. फिरायची सोय हवी, पण पाण्यातच भराव टाकून नको, माझंही तेच मत.

दहिसर नदीच्या भिंतीला लागून काही ठिकाणी सर्व्हिस रोड झालाय, गाळाच्या गाड्यांसाठी. सकाळी तिथे लोक चालायला येतात, आजीआजोबा, पोरं सायकली घेऊन. मेमध्ये रस्त्याच्या कडेला गाळ वाळत टाकला की नाकाला रुमाल लावून पलीकडून जातात, पण येतात रोज.