मधमाशीचं 'पाऊण नातं'

'कामकरी माशीचं बहिणींशी नातं पाऊण, स्वतःच्या पिल्लाशी अर्धंच. म्हणून ती अंडी न घालता राणीसाठी राबते.' (नातं म्हणजे दोघांमधल्या सामायिक जनुकांचा वाटा.) हे स्पष्टीकरण वर्षानुवर्षं फिरतंय. ऐकायला झकास, पण हिशेब अर्धवट आहे.

पाऊण आकडा येतो कुठून? नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच. तो सगळ्या मुलींना जसाच्या तसा मिळतो. पण त्याच न्यायाने बहिणीचं भावाशी नातं पावच उरतं. भाऊ-बहीण सारख्या संख्येने वाढवले तर सरासरी पुन्हा अर्धीच! ट्रिव्हर्स आणि हेअर या जीवशास्त्रज्ञांनी 1976 मध्येच यावर बोट ठेवलं होतं.

शिवाय पाऊण नातं एकाच बापाच्या मुलींमध्ये. मधमाशीची राणी अनेक नरांशी जुगते. दहा नरांचा वाटा सारखा धरला, तर बहिणींमधलं सरासरी नातं 0.30 येतं. वाळवीत तर नर-मादी दोघांकडेही दुहेरी संच असतात, तरी तिथे राजा-राणी आणि कामकरी आहेतच.

नातलगांसाठी झटणं कधी परवडतं, हे सांगणाऱ्या जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनच्या 1964 च्या सूत्रात नात्याला नातलगाच्या फायद्याने गुणून स्वतःच्या तोट्याशी तुलना करतात. लोकांनी नातं तेवढं उचललं, बाकीचं सोडलं. पोळ्यात एखाद्या कामकरीने अंडं घातलंच, तर दुसऱ्या कामकरी बहुधा ते खाऊन टाकतात, कारण सावत्र बहिणीच्या मुलापेक्षा राणीचा मुलगा त्यांना जवळचा. मग अंडं घालून मिळतं काय?