पडीक परस आणि लव्हाळ्याच्या गाठी

गावाकडचे घर दहा-बारा वर्षे बंद राहिले की परस ओळखू येत नाही. अळूचा वाफा, मिरचीची रांग, मोरीच्या पाण्यावरची केळ, सगळे गेलेले असते. कमरेएवढे गाजरगवत आणि मधूनच वर आलेली सुबाभूळ एवढेच उरते. अशा गुंठाभर जागेत, म्हणजे १,०८९ चौरस फुटांत, पुन्हा भाजी लावायची ठरली की पहिल्याच दिवशी छोटा रोटाव्हेटर मागवला जातो. तासाभरात जमीन भुसभुशीत होते आणि बघणाऱ्याला बरे वाटते. पाऊस पडून तीन आठवडे झाले की तीच जमीन आधीपेक्षा दाट हिरवी झालेली असते.

हे होते, कारण पडीक जमिनीतले खरे तण मातीखाली असते. हराळीची पांढरी खोडे मातीतून आडवी धावतात आणि त्यांच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो. रोटाव्हेटरने एका खोडाचे दहा तुकडे केले, तर ओल मिळताच दहा रोपे उभी राहतात. लव्हाळ्याचे गणित याहून कठीण आहे. त्याच्या गाठी बारीक मुळीसारख्या धाग्यांनी एकमेकींना माळेत जोडलेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्यांना दबवून ठेवते. वनस्पतिशास्त्रात याला अग्रप्रभुत्व म्हणतात. शेंडा खुडल्यावर झाडाला बगलफुटी येते ती याच कारणाने. माळ तुटली की दबलेल्या गाठी मोकळ्या होतात. शिवाय एका गाठीवर अनेक डोळे असतात. पहिला कोंब खुरपला तर दुसरा येतो, तोही गेला तर तिसरा. तणनाशक फवारूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण औषध पानातून खाली जाते ते फुटलेल्या गाठीपर्यंत. झोपलेल्या गाठींना त्याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून कामाचा क्रम आणि वेळ, दोन्ही ऋतूकडे बघून ठरवावे लागतात. सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. आधी वरची साफसफाई. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि जाड हातमोजे घालावेत आणि लांब काठीने समोरचे गवत आपटत पुढे जावे. फुरसे आणि घोणस यांना विटांचे ढीग, फुटकी कौले, पालापाचोळा फार आवडतो. कापणी एका कडेपासून सुरू करून विरुद्ध कड मोकळी ठेवली की जनावराला निघून जायला वाट राहते. ढिगाखाली हात घालू नये. वीट फावड्याने किंवा पहारीने उलटावी. दंश झालाच तर आवळपट्टी बांधण्यात आणि चिरा देण्यात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

गाजरगवत भारतात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आले ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. एका जोमदार झाडाला १५ ते २५ हजार बिया येऊ शकतात आणि मातीत गाडलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते. ते विळ्याने कापले तर बुंध्याशी पुन्हा फुटते, म्हणून ओल असताना मुळासकट उपटावे, तेही पांढरी फुले येण्याआधी. अंगभर कपडे आणि तोंडावर फडके हवेच. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने कातडीला खाज आणि चट्टे येतात, परागाने दम लागतो. फुलाआधी उपटलेले गाजरगवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालते, फुललेले चालत नाही. १९८४ मध्ये आपल्याकडे सोडलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात त्याच्या पानांचा चट्टामट्टा करतो, तो दिसला तर राहू द्यावा. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ जमिनीलगत तोडून मात्र काहीच साधत नाही. फुटण्याचे डोळे खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे असतात. तेव्हा भोवतीची माती काढून बुंधा जमिनीखाली वीतभर खोल तोडावा.

मग मातीची परीक्षा. परसातून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा वीतभर खोल घ्यावा, त्याच्या कडेचा वरपासून खालपर्यंतचा पातळ काप काढावा, सगळे काप एकत्र मिसळावेत आणि त्यातली अर्धा किलो माती सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यावी. जुन्या उकिरड्याची, राखेच्या ढिगाची आणि मोरीच्या पाण्याची जागा या नमुन्यात घेऊ नये, नाहीतर सगळाच निकाल फसवा येतो. उकिरडा कुठे होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारावे. ती परसातली सर्वांत कसदार जागा असू शकते. मोरीची जागा उलट असते. साबणाच्या पाण्यातल्या सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, भेगा आणि पोकळ्या बुजतात, वर कडक पापुद्रा धरतो.

अहवालात तीन आकडे आधी बघावेत. सामू, म्हणजे पीएच, साडेसहा ते साडेसात असेल तर बहुतेक भाज्या खूश असतात. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असेल तर तो कमी समजतात. तिसरा आकडा मुक्त चुन्याचा. घराच्या दुरुस्तीचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा परसात टाकलेला असेल, तर तिथे सामू आठाच्या पुढे जातो, लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. शेतकरी याला केवडा म्हणतात. अशा मातीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसता टाकला तर तो लगेच न विरघळणाऱ्या रूपात जातो. पानांवर लिटरला ५ ग्रॅम आणि सोबत १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घेऊन संध्याकाळी फवारला तर उपयोग दिसतो. पण आधी राडारोडा वेचून बाहेर काढणे हाच मूळ उपाय.

निचराही तेव्हाच तपासावा. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा आणि दुसऱ्यांदा भरावा. तासाला दोन-तीन सेंटिमीटरही पाणी उतरले नाही, तर तिथे सपाट वाफे करू नयेत. वीतभर उंच आणि तीन-चार फूट रुंद गादीवाफे करावेत.

आता मुख्य काम, एप्रिल आणि मे. हराळी-लव्हाळ्याचा भाग टिकावाने किंवा कुदळीने वीतभर खोल उकरून मोठी ढेकळे उलटी टाकावीत. ढेकळे फोडू नयेत आणि पाणी अजिबात देऊ नये. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात आणि त्यांना थंडीइतकेच कोरडेपणाचे वावडे आहे. उघड्यावर पडलेली गाठ कडक उन्हात दोनेक आठवड्यांत ओल गमावून मरते. ढेकळाच्या पोटातली वाचते, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी ढेकळे उलटायची आणि सुटलेल्या गाठी, हराळीच्या काड्या दाताळ्याने ओढून बाहेर काढायच्या. वळवाची एक सर आली तर वापसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, येताच पुन्हा उकरायचे. वापसा आला की नाही हे कळायला मूठभर माती दाबून बघावी: गोळा होऊन बोटाने टोचताच फुटला तर वापसा आहे, चिकटून राहिला तर थांबावे. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर विटांसारखे डिखळे होतात, ते वर्षभर फुटत नाहीत.

जिथे गाजरगवताचे आणि इतर वर्षायू तणांचे बीच जास्त आहे, तिथे दुसरी पद्धत चालते आणि ती नेमकी उलटी आहे. इस्रायलमध्ये याकोव कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ती मांडली. माती बारीक करून भरपूर भिजवायची, तिच्यावर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून बसवायचा, कडा वीतभर मातीत पुरायच्या आणि चार ते सहा आठवडे ठेवायचे. पाच सेंटिमीटरवरचे तापमान भर उन्हाळ्यात पन्नाशीकडे जाते. पाणी हवे, कारण ओली माती उष्णता खाली पोचवते आणि फुगलेले बी कोरड्यापेक्षा लवकर मरते. काळा कागद इथे कामाचा नाही: तो ऊन स्वतःच शोषतो, माती कमी तापते. लव्हाळ्याबाबत तर आणखी एक गंमत आहे. काळ्या कागदाखाली अंधारात त्याचा कोंब गुंडाळलेलाच, सुईसारखा टोकदार राहतो आणि पातळ प्लास्टिक भोसकून बाहेर येतो. पारदर्शक कागदाखाली उजेड मिळताच पान उलगडते, टोक बोथट होते आणि ते कागदाखालीच करपते. तरी खोलवरच्या गाठी या पद्धतीने मरत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. एकाच तुकड्यावर वाळवणे आणि भिजवून तापवणे दोन्ही करू नये. आणि कागद काढल्यावर खोल खणू नये. खालचे जिवंत बी वर येते.

पहिल्या वर्षी पाव गुंठाच हातात घ्यावा, फार तर अर्धा. उरलेल्या जागेतले तण फुलोऱ्याआधी कापत राहिले तरी पुरे.

मृगाचा पाऊस पडल्यावर लगेच भाजी लावण्याची घाई होते, तिथे पुष्कळांचे वर्ष वाया जाते. आठ-दहा दिवसांत बारीक तणांचा हिरवा गालिचा येऊ द्यावा आणि उघडीप मिळताच खुरप्याने वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर फक्त खरवडावा. त्यावर ताग दाट पेरावा. हिरवळीच्या खतासाठी गुंठ्याला अर्धा-पाऊण किलो बी लागते, तण दडपायचे असेल तर एक किलो टाकावे. हराळी आणि लव्हाळा दोघांनाही सावली सोसत नाही आणि ताग महिनाभरात त्यांच्या डोक्यावर जातो. ४५ ते ५० दिवसांनी, फुले लागण्याच्या बेतात, तो कापून मातीत गाडावा. उशीर झाला तर खोड काष्ठमय होते आणि ते कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र वापरतात. पुढचे पीक पिवळे पडते. भूसा किंवा वाळका पाला मातीत मिसळल्यावरही असेच होते, म्हणून ते आच्छादन म्हणून वरच अंथरावे.

गाडल्यापासून तीन आठवडे थांबून गुंठ्याला सुमारे २०० किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे. ओले शेण टाकले तर हुमणीला, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीला, आमंत्रण मिळते आणि त्यातले गवताचे बीही परसात येते. पहिले पीक पसरणारे घ्यावे: चवळी, भोपळा, रताळे. कोथिंबीर, कांदा, लसूण यांची पाने जमीन झाकत नाहीत, त्यांची वेळ दुसऱ्या वर्षी.

लव्हाळा तरीही येणारच. फुटलेला कोंब साधारण तीन-चार आठवड्यांत जमिनीखाली नव्या गाठी बांधू लागतो. त्याआधी, दर पंधरवड्याला, कोंब काढत राहिले तर गाठीतला साठा खर्च होतो आणि परत भरत नाही. एक पंधरवडा चुकला तर मागचे बरेच श्रम पाण्यात जातात. असे दोन हंगाम धरावेत. वाफ्यात एक मीटर चौरस चौकट आखून दर महिन्याला कोंब मोजून लिहावेत. डोळ्यांना फरक वाटण्याआधी तो आकड्यांत दिसतो.

शेजारच्या बांधावरची हराळी मात्र कुंपणाखालून परत शिरते. तिच्यासाठी कुंपणाच्या आतून फावड्याच्या रुंदीचा, वीत-दीड वीत खोल चर खणून रिकामा ठेवावा. चरात लोंबणारी काडी रुजण्याआधी दिसते आणि महिन्यातून एकदा विळ्याने कापून टाकता येते.